रकाना क्रमांक चौदा

फॉर्म म्हणतो, समस्या शंभर शब्दांत लिहा.
परकारांनी शहात्तर शब्द
नुसत्या पाण्याच्या टाकीवर खर्च केले.
मी म्हटलं, चाचा, गळती वगळा,
देणाऱ्यांना गळतीचा कंटाळा आलाय,
त्यांना आता ‘समुदाय’ हवाय.
“म्हणजे कोण?”
“म्हणजे तुम्हीच. फक्त लांबून बघितलेले.”

मानखुर्दला, रुळांच्या अलीकडे,
सात मजल्यांच्या नऊ इमारती.
नाल्याकाठची, पुलाखालची, पाइपलाइनवरची माणसं
चिठ्ठ्या काढून एकावर एक रचली
आणि सांगितलं, आजपासून तुम्ही सोसायटी.
दोन इमारतींमध्ये जागा एवढीच
की तळमजल्यावर सूर्य दुपारी बाराला
हजेरी लावून जातो,
सही न करता.

मी दर गुरुवारी ठाण्याहून येते.
काम एवढंच, यांचं जगणं
पैसेवाल्यांच्या रकान्यांत बसवायचं.
गळक्या खोलीतली बालवाडी म्हणजे प्रारंभिक शिक्षण केंद्र.
जिन्यात बसणारी पोरं म्हणजे जोखमीतील युवक.
आणि अनसूया लोखंडे,
लिफ्ट बंद पडल्यापासून ज्या
सातव्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडतात,
त्या म्हणजे ज्येष्ठ लाभार्थी, स्त्री, एक.

मागचा अर्ज परत आला होता.
कारण एका ओळीचं: गृहनिर्माण संस्था पात्र नाही.
ज्यांची घरं, त्यांना अंगण मागता येत नाही,
त्याला ट्रस्ट लागतो, नाहीतर मंडळ,
आणि तीन वर्षांचे ताळेबंद.
परकार हिशेबाच्या वहीकडे बघत राहिले,
जणू तिनेच चुगली केली.

तेव्हा रत्नप्रभा तांबे,
ज्या मीटिंगला फक्त पंख्यासाठी येतात,
म्हणाल्या, “आमचं मंडळ होतं की. पुलाखाली असताना.”
पत्र्याची पेटी आली. भिशीच्या वह्या,
एक लेझीम, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा,
आणि पुठ्ठ्यामागे नोंदणीपत्र,
शिक्का अजून जांभळा.
“तोडायला आले तेव्हा शेगडी राहिली,
हे घेतलं.
वाचता येत नव्हतं मला,
पण एवढा मोठा शिक्का फुकट कोण मारतं?”

पुढे आठ महिने. वरळीच्या कचेरीत अकरा खेपा.
नवी कार्यकारिणी, बँकेत नवं खातं,
ऑडिटरला चहा, ऑडिटरच्या असिस्टंटला दोन चहा.
मयत सभासदांची नावं कमी करायची होती, सहा.
रत्नप्रभाबाई प्रत्येकीला
आधी नावाने हाक मारायच्या,
मग म्हणायच्या, हं, काढ आता.
मी की दाबायला जरा उशीर करायचे.

आज शेवटची तारीख, आणि रकाना चौदा:
मोजता येईल असा बदल.
मी म्हटलं, चाळीस टक्के लिहू.
“कशाचे?” परकार.
खरंच, कशाचे?
कुणीतरी वर फोन लावला.
थोड्या वेळाने खिडकीबाहेर टोपली लोंबायला लागली,
आत चिठ्ठी, रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर
नातीच्या अक्षरात:
खाली दिवे लावा. पोरं जिन्यातून बाहेर येतील.
मग मी वरून मोजीन.

मी तसंच लिहिलं.
सध्याची स्थिती: दिवे शून्य.
मोजणी: रोज रात्री नऊ वाजता.
मोजणार: अनसूया लोखंडे, सातवा मजला.
अकरा बावन्नला अर्ज गेला. पोचपावतीचा नंबर
परकारांनी खडूने भिंतीवर लिहिला,
दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

उत्तर अजून आलेलं नाही.
काल अनसूयाबाईंचा फोन आला.
“सुरू केलंय मी. काल चार होते.”
मी विचारलं, अंधारात दिसतात?
“मोबाईल बघतात ना,” त्या म्हणाल्या,
“तोंडं उजळतात तेवढी.”